मुंबईचे नाव ल्यालेला बेडूक



ज्याचे अर्धे आयुष्य कामगारांच्या हजेरीपटावर गेले, त्याने बेडकाच्या नावावर का बोलावे, असे आपणांस वाटेल. पण नोंदवहीतले नाव चुकले म्हणजे काय होते, हे मी भाईंदरात पाहिले आहे. भांड्यांच्या एका कारखान्यात वीस वर्षे पॉलिश करणाऱ्या गड्याचे नाव दोन वह्यांत दोन तऱ्हांनी लिहिले गेले आणि त्याचा प्रॉव्हिडंट फंड अडकून पडला. माणूस तोच, कागद मात्र त्याला ओळखीना.

१९१९ साली नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी झुडपांवर राहणाऱ्या एका चिमुकल्या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले व त्याचे नाव 'इक्झॅलस बॉम्बेएन्सिस' असे ठेविले. बॉम्बेएन्सिस म्हणजे मुंबईचा. पण बेडूक मिळाला गोव्याच्या सीमेजवळ, कॅसलरॉक येथे! तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ साली तो म्हैसूर राज्यात गेला. जिल्हा गेला, नाव राहिले.

असे का? प्राण्याचे शास्त्रीय नाव दुपदरी असते. पहिले वंशाचे, दुसरे जातीचे. जातीचे नाव प्रथम ज्याने दिले त्याचेच टिकावे, असा नियम आहे. वंशाचे नाव मात्र अभ्यासाबरोबर बदलते. 'इक्झॅलस' हे नाव बेडकांना १८४१ साली मिळाले. परंतु १८३७ सालीच ते एका सस्तन प्राण्याला देऊन झाले होते. म्हणून ते बाद झाले व आपला बेडूक 'फिलॉटस' वंशात गेला. पुढे डीएनए तपासला, तेव्हा सह्याद्रीतले हे बेडूक निराळ्या शाखेचे ठरले. २०१० साली एस. डी. बिजू व सहकाऱ्यांनी त्या शाखेस 'राओर्केस्टेस' असे नाव दिले. यातला 'राओ' म्हणजे बंगळूरचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव. ज्या 'करंट सायन्स' मासिकाचे ते १९३२ साली पहिले संपादक झाले, त्यातच हे नाव प्रसिद्ध झाले. या बेडकांच्या अंड्यातून शेपटीचे पोहणारे पिल्लू निघत नाही. थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो.

हा नुसता पंडितांचा खेळ नव्हे. रक्षणाची यादी नावांवरून होते. दोन जाती एकाच नावाखाली दडपल्या, तर त्यांतली एक नाहीशी झाली तरी कोणास कळत नाही. आमच्या त्या गड्याची वही अखेर दुरुस्त झाली, कारण कोणीतरी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या. शास्त्रज्ञांनीही बेडकासाठी तेच केले.