मुख्याध्यापक संघ म्हणजे नक्की काय? जुन्नर-आंबेगावच्या पालकांना माहीत असावं असं सगळं

जुन्नर / आंबेगाव : दाखल्यासाठी शाळेत जावं तर शिपाई सांगतो, "सर संघाच्या मीटिंगला गेलेत." पालक वैतागून माघारी फिरतो. हा संघ नेमका कशासाठी असतो, त्यात कोण असतं आणि आपल्या पोराबाळांच्या शाळेला त्याचा काय उपयोग, हे मात्र गावात फारसं कुणी सांगत नाही. म्हणून ही सविस्तर माहिती.

संघ कुणाचा?

माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांची ही संघटना आहे. तालुक्याला तालुका मुख्याध्यापक संघ, त्यावर जिल्हा संघ आणि राज्य पातळीवर महामंडळ अशी तिची रचना असते. संघ हे सरकारी कार्यालय नाही. सभासदांची वर्गणी आणि सभासदांनीच निवडलेले पदाधिकारी यावर तो चालतो. आपल्याकडे रयत शिक्षण संस्था, नारायणगावचे ग्रामोन्नती मंडळ अशा वेगवेगळ्या संस्थांच्या शाळा आहेत. संस्था वेगळ्या असल्या तरी मुख्याध्यापकांच्या अडचणी सारख्याच असतात, म्हणून ते एका संघात येतात.

झेडपीच्या गुरुजींचं काय?

जिल्हा परिषद शाळांचे मुख्याध्यापक बहुतेक करून प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांत असतात. महाराष्ट्र राज्य प्राथमिक शिक्षक संघ, प्राथमिक शिक्षक समिती ही त्यातली जुनी नावं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी १५० पेक्षा जास्त मुलं असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक, आणि सहावी ते आठवीसाठी १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक मिळतो. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. आता आहुपे, भीमाशंकर किंवा नाणेघाटाकडच्या वाड्यावस्त्यांवर एवढी मुलं आणायची कुठून? त्यामुळे तिथे ज्येष्ठ गुरुजी किंवा बाईच मुख्याध्यापकाचं काम बघतात. वर्गही शिकवायचा, खिचडीचा हिशेबही ठेवायचा आणि ऑनलाइन माहितीही भरायची.

शासकीय आश्रमशाळांचा कारभार आणखी वेगळा आहे. त्या आदिवासी विकास विभागाकडे येतात आणि आपल्या भागासाठी त्यांचं प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे.

संघ काय काम करतो?

१. कागदपत्रांची मदत : शालार्थमधून पगारबिल, यूडायस प्लसची माहिती, संचमान्यता, दहावीचे फॉर्म. नवीन मुख्याध्यापकाला हे सगळं पहिल्याच महिन्यात अंगावर येतं. बी.एड.ला शिकवायचं कसं हे शिकवतात, पगारबिल कसं काढायचं हे नाही. अशा वेळी शेजारच्या शाळेतल्या अनुभवी सरांना केलेला एक फोन मोठं काम करतो. संघाची खरी ताकद हीच.

२. मुलांसाठी उपक्रम : तालुका विज्ञान प्रदर्शन बहुतेक वेळा पंचायत समितीचा शिक्षण विभाग, मुख्याध्यापक संघ आणि विज्ञान अध्यापक संघ मिळून भरवतात. काही ठिकाणी दहावीच्या सराव प्रश्नपत्रिकाही संघ काढतो.

३. मागण्या : वीजबिल, खडू, दुरुस्ती यासाठी लागणारं वेतनेतर अनुदान, रिक्त पदं, शिपायांची भरती. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांत शिपायाची पदं रिक्त झाली की कायम माणूस न भरता भत्ता देण्याचं ठरलं. शाळेत घंटा कोण देणार, संडास कोण धुणार, हा प्रश्न शेवटी मुख्याध्यापकाच्याच टेबलावर येतो.

४. अडचणीत पाठिंबा : खाजगी शाळांतल्या नोकरीसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. मुख्याध्यापकाची चौकशी लागली तर चौकशी समितीत एक सदस्य सुचवायचा हक्क त्याला आहे. बडतर्फ केलं किंवा पदावरून खाली आणलं तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. घाबरलेल्या माणसाला हे दिवस मोजायची आठवण करून देणारा कुणीतरी लागतो. संघ ते काम करू शकतो.

संघ काय करू शकत नाही?

संघ बदली करू शकत नाही, पद मंजूर करू शकत नाही आणि कुणाची चौकशी थांबवू शकत नाही. हे अधिकार शिक्षण विभागाकडे आणि संस्थेकडे असतात. पालकांची तक्रार घेऊन तिचा निकाल देणं हेही संघाचं काम नाही. चुकीला पांघरूण घालणं तर नाहीच. मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तिथे संघाने आधी मुलांकडे बघावं, ही अपेक्षा पालकांनी ठेवणं रास्तच आहे.

मतदानाचा भाग

विधान परिषदेत शिक्षकांचे ७ आमदार असतात. आपण पुणे शिक्षक मतदारसंघात येतो. त्यात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे जिल्हे आहेत. माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळा-कॉलेजात मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेल्यांनाच इथे मत असतं. म्हणून निवडणूक आली की माध्यमिक मुख्याध्यापकांना सगळे पक्ष भेटायला येतात. वाडीवरच्या प्राथमिक गुरुजींना मात्र हे मत नाही.

बाहेरच्या देशांत

इंग्लंडमध्ये मुख्याध्यापकांची मोठी संघटना १८९७ पासून आहे. अमेरिकेत माध्यमिक मुख्याध्यापकांची १९१६ मध्ये आणि प्राथमिकची १९२१ मध्ये सुरू झाली. म्हणजे शाळा चालवणाऱ्या माणसालाही आधार लागतो, ही गोष्ट जगभर मानलेली आहे.

पालकांनी काय करावं?

दाखला अडला, खिचडीत अळ्या निघाल्या, शिक्षक कमी पडले, तर काही गावांत थेट शाळेला टाळं ठोकलं जातं. राग समजण्यासारखा आहे. पण शिक्षकाचं पद मंजूर करणं मुख्याध्यापकाच्या हातात नसतं आणि टाळ्याने बुडते ती मुलांची शाळा. त्याआधी हा रस्ता धरा :

- आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.
- जिल्हा परिषद आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात.
- मग केंद्रप्रमुख आणि त्यानंतर गटशिक्षणाधिकारी. जुन्नरकरांसाठी पंचायत समिती जुन्नरला, आंबेगावकरांसाठी घोडेगावला.
- तिथेही काम झालं नाही तर पुणे जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. पहिली ते आठवीसाठी प्राथमिक, वरच्या वर्गांसाठी माध्यमिक विभाग.
- माहिती हवी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

आणि एक साधी गोष्ट. पुढच्या वेळी "सर मीटिंगला गेलेत" असं कळलं, तर दुसऱ्या दिवशी जाऊन सरांना विचारा, "मीटिंगमध्ये आपल्या शाळेचा कोणता विषय मांडला?" शिक्षकाचं रिकामं पद, पडकी भिंत, उसातून येणाऱ्या वाटेवरची बिबट्याची भीती, हे विषय गावाने लेखी दिले तर सरांच्या हातात कागद असतो. गावाचा ठराव सोबत असला की एकट्या मुख्याध्यापकाच्या शब्दाला वजन येतं.