पागेचें वर्ष



मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा इतिहास आपण दसऱ्यापाशीं वाचावयास घेतों आणि वैशाखापाशीं मिटवितों. सीमोल्लंघन झालें, फौज बाहेर पडली, अमुक खानाचा मोड झाला, तमुक प्रांतांत चौथाई बसली, अशी ती हकीकत असते. मधले पावसाळ्याचे चार महिने आमच्या क्रमिक पुस्तकांत एका वाक्यांत आटोपतात: ‘फौज छावणीस राहिली.’ शाळेंत हा धडा चालूं असतां एखादा चौकस मुलगा हटकून विचारी, कीं छावणींत फौज करीत काय होती? प्रश्न रास्त आहे. ती घोडे सांभाळीत होती. उरलेल्या आठ महिन्यांची दौड या चार महिन्यांच्या निगेवर चाले, असें माझें मत आहे. आणि तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

घोडा हा मूळचा कोरड्या, मोकळ्या माळावरचा प्राणी. आपला दमट उन्हाळा आणि त्याहून आपला पावसाळा त्याला सोसत नाहीं. दक्षिणेंतल्या राजांना म्हणून अरबस्तानांतून व इराणांतून गलबतें भरभरून घोडे आणवावे लागत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी तामिळ किनाऱ्यावर आला होता. तेथला राजा दरसाल दोन हजारांवर घोडे विकत घेई आणि वर्षाअखेर त्यांतले शंभरहि उरत नसत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. प्रवाशांचे आंकडे थोडे फुगलेलेच असावयाचे. पण त्यानें दिलेलीं कारणें विचार करण्याजोगीं आहेत. त्या मुलखांत घोड्याची निगा जाणणारा माणूस नव्हता, आणि घोड्यांना मांस घालून शिजविलेला भात चारीत. शिवाय घोडे विकणारे व्यापारी तिकडे एकहि नालबंद वा वैद्य जाऊं देत नसत. घोडे मेले नाहींत तर पुढल्या वर्षीं गिऱ्हाईक कोठून यावयाचें! पुढें १५१० सालीं गोवें पोर्तुगिजांनीं घेतलें आणि हा व्यापार त्यांच्या मुठींत गेला. समुद्र ज्याच्या हातीं नाहीं, त्यानें आहे तो घोडा जगविला पाहिजे, हें गणित तेव्हांपासून उघड होतें.

विद्या आपल्याकडे नव्हती असें मात्र नाहीं. शालिहोत्र मुनीच्या नांवावर अश्ववैद्यकाची मोठी परंपरा आहे. घोड्याच्या वैद्याला ‘सालोत्री’ हें नांव त्यावरूनच पडलें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्यांच्या वैद्यांचें काम काय, तर जनावराचें अंग झडूं लागलें किंवा फाजील वाढूं लागलें तर वेळींच आवर घालणें आणि ऋतूप्रमाणें आहार बदलणें. आजार पडल्यावर काढे पाजणें त्याच्या नंतर. वैद्याच्या हयगयीनें दुखणें वाढलें तर त्याला दंडहि सांगितला आहे. त्याच प्रकरणांत आश्विनाच्या नवमीस घोड्यांना ओंवाळण्याचा विधि आहे. आपल्या खंडेनवमीची तिथि तीच. स्वारीस निघण्यापूर्वीं प्रत्येक जनावर धुऊन, पुसून, चांगल्या उजेडांत उभें करण्याची ही रीत निव्वळ धर्मकृत्य म्हणून पडली असेल असें मला वाटत नाहीं.

आतां शिवाजी महाराजांच्या पागेकडे वळूं. कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत जिंजीस बखर लिहिली, तींत लष्कराचे नियम दिले आहेत. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. पखालीनें पाणी पुरविणारा आणि खूर पाहणारा हीं दोन माणसें लढणारीं नव्हेत. तरी तीं त्या तुकडीचींच, बाजारांतून ऐनवेळीं बोलावलेलीं नव्हेत. पावसाळ्यासाठीं फौज स्वदेशीं परतण्यापूर्वींच छावणीच्या ठिकाणीं दाणा, वैरण व औषधें सांठवावीं आणि घोड्यांसाठीं घरें गवतानें शाकारून ठेवावीं, असा दंडक होता. दसऱ्यास फौज निघे, तेव्हां प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची यादी होई. आठ महिने बाहेर, चार महिने छपराखालीं. पागेचें वर्ष हें असें बांधलेलें असे.

नियम कागदावर असणें निराळें आणि पाळले जाणें निराळें. या बाबतींत राज्याभिषेकाच्या सुमाराचें महाराजांचें एक पत्र उपलब्ध आहे. चिपळुणाजवळ हलवर्ण येथें छावणीस असलेल्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांना तें लिहिलें आहे. त्याचा उल्लेख नेहमीं रयतेविषयींच्या कळवळ्यासाठीं होतो, आणि तो योग्यच आहे. पण मूळ विषय घोड्यांच्या पोटाचा आहे हें विसरलें जातें. आतां दाणागवत हातीं आहे म्हणून मन मानेल तसें उधळाल, तर भर पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरूं लागतील आणि तीं तुम्हींच मारल्यासारखें होईल, असें महाराज बजावतात. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल, कोणाचा दाणा आणाल, कोणाचें गवत, कोणाचें लांकूड. आणि जे कसेबसे राहिले आहेत तेहि परागंदा होतील. रयतेची नागवण आणि पागेची उपासमार हीं दोन निराळीं दुखणीं नव्हेत, एकाच्या पोटीं दुसरें येतें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

त्याच पत्रांत आगीची ताकीद आहे, ती तर अगदीं घरांतल्या वडील माणसानें द्यावी तशी. कोणी चूल पेटवील, कोणी तमाखूला विस्तव नेईल, कोणी रात्रीं दिवा ठेवील. उंदीर जळती वात ओढून नेईल, एका खोपटाला ठिणगी लागली कीं सारीं जळतील, आणि मग पागाच बुडेल. उंदरापर्यंत विचार करणारा राजा इतिहासांत विरळा.

एवढा आटापिटा पावसाळ्यासाठींच कां? याचें उत्तर त्या काळीं अनुभवानें ठाऊक होतें. कारण कळावयास दोनशें वर्षें लागलीं. १८८० सालीं ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानें डेरा इस्माइलखान येथें सर्रा रोगानें मरणाऱ्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत वळवळणारे सूक्ष्म जंतु पाहिले. ते चावऱ्या माश्यांमार्फत पसरतात, आणि या माश्यांचा सुकाळ पावसाळ्यांत व त्याच्या पाठोपाठ होतो. घोड्याच्या कमरेंतलें बळ जाऊन तो मागून लुळा पडतो, त्या कुमरीचें मूळहि असेंच सांपडलें: गुरांच्या पोटांतील एका जंताचीं पिल्लें डांसांमार्फत घोड्याच्या अंगांत जातात आणि मज्जारज्जूंत भरकटतात. ओल्या दिवसांत चिघळणाऱ्या क्षतांना तर ‘बरसाती’ असेंच नांव आहे. त्यांत माशीनें आणलेल्या जंतांचीं पिल्लें असतात. शिवाय चिखलांत उभें राहून खूर कुजतात, बुरसलेल्या वैरणीनें पोटशूळ उठतो. कोरडें छप्पर आणि सुकी वैरण यांनीं यांतलें पुष्कळसें टळे. नेमका रोग कोणता, हें न समजतां टळे, एवढेंच.

हा क्रम ढळला म्हणजे काय होतें, तें १७६० सालीं दिसलें. भाऊसाहेब मार्चमध्यें पडदुराहून निघाले. त्यांचा पावसाळा घरच्या छावणींत न जातां चंबळा-यमुनेच्या मुलखांत, वाटचालींत गेला आणि ऑगस्टच्या आरंभीं फौजेनें दिल्ली घेतली. अब्दालीनें तोच पावसाळा गंगेकांठीं अनुपशहरास छावणी करून काढला. ऑक्टोबरांत कुंजपुऱ्याचें धान्य मराठ्यांच्या हातीं आलें खरें, परंतु पुढें पानिपतास कोंडी पडली, वैरणीची वाट तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ च्या आधीं कित्येक घोडे ठाणावरच उपासानें संपले. पानिपताचीं कारणें अनेक आहेत. कोणी एकच सांगूं लागला तर मी त्याला परीक्षेंत पुरते गुण देणार नाहीं. पण निम्मे स्वार पायउतार झालेलें घोडदळ कसें लढणार, हा प्रश्न त्या यादींत पुष्कळ वर घातला पाहिजे.

आजचे पशुवैद्यहि घोड्याचें वर्ष आंखूनच घेतात. सहा ते आठ आठवड्यांनीं खूर छाटावयाचे. वर्षांतून एकदां तरी दांतांच्या वाढलेल्या धारा कानशीनें घासावयाच्या, नाहीं तर दाणा नीट चावला जात नाहीं. धनुर्वाताची लस टोंचावयाची, जंतांसाठीं लीद तपासावयाची, आणि सर्रा व शेंबा या रोगांसाठीं रक्त पाहावयाचें. १९६० सालीं आफ्रिकेंतली अश्वरोगाची साथ पश्चिमेकडून येऊन आपल्या देशांत हजारों घोडे घेऊन गेली. तीहि चिलटांचीच करणी होती. आणि मुंबईच्या शर्यतींचे घोडे पहा. महालक्ष्मीचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतो, आणि जुलैपासूनच्या शर्यती मात्र पुण्यास होतात. मुंबईस धारा लागल्या कीं हीं लाखमोलाचीं जनावरें घाट चढून, कमी पावसाच्या पुण्यास मुक्कामाला येतात.