सरमेची लेकरं



लेकरू बोलायला लागलं की पहिल्या चार-सहा शब्दांत भूभू असतोच. हा शब्द कुठल्या पुस्तकातून आलेला नाही, कुत्र्याच्या आवाजावरून केलेला आहे. मग लेकरू शिकतं की बोलवायचं तर यू यू, हाकलायचं तर हाड आणि अंगावर सोडायचं तर छू. तेवढ्यावर त्याचं भागतं. पुढे शाळेत श्वान हा शब्द भेटतो आणि ते घरी येऊन अर्थ विचारतं. आपण सांगतो, अरे, श्वान म्हणजे कुत्रा. पण त्या शब्दांमागे गोष्टी आहेत, आणि त्यातली एक तरी आपण बायकांनी ऐकायलाच हवी.

कुत्रा या शब्दाचे सोयरे शेजारीच आहेत. हिंदीत कुत्ता, गुजरातीत कूतरो. गोव्यात कोंकणी बोलणाऱ्या बाया मात्र सुणें म्हणतात. ते संस्कृतातल्या शुनक या शब्दावरून आलं. जुन्या मराठीतही सुणें होतं, आपण ते विसरलो. पिल्लू हा शब्द तर दक्षिणेकडचा. तेलुगूत पिल्ल म्हणजे लेकरू. आपण कुत्र्याच्या लेकराला पिल्लू म्हणतो आणि लाडात आलो की आपल्याही लेकराला.

कुत्रा आपल्याकडे किती जुना? प्रवरा नदीकाठी, अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबाद हे ठिकाण आहे. तिथे १९७४ साली जमिनीखाली ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांतली एक म्हणजे बैलजोडीचा रथ. हाकणारा माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. या मूर्ती साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. ज्याने त्या घडवल्या त्याला रथ, बैल, माणूस एवढ्यावर भागलं असतं, पण त्याला कुत्रा वगळावासा वाटला नाही. बैलगाडीबरोबर चालणारं कुत्रं आपणही पाहिलेलं आहे.

आता शब्दांकडे. अमरकोश नावाचा संस्कृत शब्दकोश सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा. पाठशाळेतली मुलं तो तोंडपाठ करायची. (मुलं म्हणजे मुलगेच, तेही ठराविक घरांतले.) त्यात कुत्र्याला बरेच शब्द आहेत. भषक म्हणजे भुंकणारा. अलर्क म्हणजे पिसाळलेला, म्हणजे हा आजार तेव्हाही माहीत होता. आता विषय निघालाच आहे म्हणून सांगते: कुत्रा चावला तर हळद-चुना लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या.

त्याच यादीत सारमेय हा शब्द आहे. सारमेय म्हणजे सरमेचं लेकरू. ही सरमा कोण, तर इंद्राची कुत्री. तिची गोष्ट ऋग्वेदात आहे. पणी नावाच्या लोकांनी गाई पळवून दडवून ठेवल्या. सरमा माग काढत, रसा नावाची नदी ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचली. पणी तिला म्हणाले, परत जाऊ नकोस, आमची बहीण हो, तुलाही गाईंचा वाटा देतो. तिने साफ नकार दिला. गाईंचा ठावठिकाणा लागला तो तिच्यामुळे.

पुढच्या काळात मात्र ही गोष्ट बदलली. बृहद्देवता या नंतरच्या ग्रंथात सरमा पणींकडचं दूध पिते, इंद्राशी खोटं बोलते आणि त्याची लाथ खाते. आधीची इमानी सरमा नंतर लबाड ठरली. हे का झालं असेल, ते बचत गटाच्या बैठकीत एखादीच्या कामाचं श्रेय कसं पुसलं जातं ते पाहिलेल्या बाईला वेगळं सांगायला नको.

महाभारताच्या सुरुवातीलाही सरमा भेटते. कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचा यज्ञ चालू होता. तिथे तिचं पिल्लू गेलं, तर राजाच्या भावांनी त्याला मारलं. ते रडत आईकडे आलं. सरमेने आधी त्यालाच विचारलं, तू काही आगळीक केलीस का? ते म्हणालं, नाही, मी यज्ञाच्या हवीकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. मग ती थेट यज्ञात गेली आणि विचारलं, माझ्या लेकराने काही केलं नसताना का मारलंत? कोणी उत्तर दिलं नाही. तेव्हा तिने शाप दिला की तुमच्यावर न दिसणारं भय येईल. राजा घाबरला आणि हा दोष निवारणारा पुरोहित शोधत फिरला.

एवढी मोठी आई, आणि आज भांडणात बाईला खाली पाडायचं तर कुत्री म्हणतात! पोरं हा शब्द शिवी म्हणून शिकतात ती घरातूनच. त्यांना सारमेयचा अर्थ सांगताना सरमेची गोष्टही सांगावी, असं मला वाटतं.

सारमेय हे आईवरून पडलेलं नाव आहे, बापावरून नाही. माणसांच्या कागदावर आईला जागा मिळायला फार वेळ लागला. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदपत्रांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. तुमच्या घरी त्यानंतर बाळ जन्मलं असेल तर जन्मदाखला हातात आल्यावर आईचं नाव आलंय का, आणि ते बरोबर लिहिलंय का, तिथेच उभं राहून वाचून घ्या.