व्रण भरल्यानंतर

रायपूरच्या गोल बाजारात जडीबुटीच्या दुकानांपुढे उभे राहिले, की प्रत्येक व्याधीला एखादी मुळी असतेच असे वाटू लागते. मुळीने व्रण भरेलही. परंतु रोगापायी ज्याचे घर सुटले, त्यास घर कोण देईल? याचे उत्तर आम्हांस वरोऱ्याच्या इतिहासात सापडते. १९५६ पर्यंत रायपूर व चांदा हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. येथल्या मराठी माणसास तो इतिहास परका नाही.

१९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली. सल्फोन वर्गातील औषधे त्याच दशकात कुष्ठरोगावर गुणकारी ठरू लागली होती. परंतु जंतू मेले तरी झडलेली बोटे परत येत नाहीत, आणि दुरावलेले सोयरेही. म्हणून आनंदवनात औषधाच्या जोडीस कुदळ आली. बाबा व साधनाताई यांच्यासह रुग्णांनी विहीर खणली, पडीक जमीन लागवडीस आणली. भिक्षेसाठी पसरलेले हात धान्य पिकवू लागले. पुढे तेथे विवाह झाले, संसार थाटले गेले.

कायदा मात्र मागे रेंगाळला. कुष्ठरोग्यांविषयीचा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग २०१९ मध्ये वगळला गेला, म्हणजे समितीच्या स्थापनेनंतर सत्तर वर्षांनी. रोगमुक्त माणसाचा कामासाठी वा घरासाठी अर्ज आपल्या मेजावर येतो, तेव्हा त्याचा उपचार अजून चालूच आहे, हे आपण ध्यानी ठेवावे.