स्यूडोएफेड्रिन नियंत्रण
सर्दी-पडशावरील गोळ्यांमध्ये असणाऱ्या स्यूडोएफेड्रिन व एफेड्रिन या द्रव्यांपासून मेथॅम्फेटामीन हा अंमली पदार्थ चोरून तयार करण्यात येऊ लागल्यामुळे त्या गोळ्यांच्या किरकोळ विक्रीवर घालण्यात आलेले निर्बंध. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ऑरेगन राज्याने १ जुलै २००६ पासून अशा गोळ्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली आणि साडेपंधरा वर्षांनी ती सक्ती उठविली. या नियंत्रणाच्या इतिहासातील हा एक कडक व वादग्रस्त प्रयोग होय.

एफेड्रिन हे एफेड्रा वंशातील झुडपांत आढळणारे अल्कलॉइड आहे. चिनी वैद्यकात या झुडपाचा ‘मा हुआंग’ या नावाने प्राचीन काळापासून उपयोग होत आला आहे. हिमालयातही त्याच्या काही जाती उगवतात. वैदिक सोम तो हाच, असे काही विद्वानांनी सुचविले आहे, परंतु ते अनुमानच राहिले आहे. १८८५ मध्ये नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने एफेड्रिन वेगळे केले, तर १८९३ मध्ये त्यापासून मेथॅम्फेटामीन बनविले. अकिरा ओगाता याने १९१९ मध्ये ते स्फटिकरूपात मिळविले. पुढे १९२०–३० या दशकात पीकिंग येथे चेन व श्मिट यांनी केलेल्या संशोधनामुळे एफेड्रिन पाश्चात्त्य वैद्यकात दाखल झाले. स्यूडोएफेड्रिन हे त्याचेच, केवळ त्रिमितीय रचनेत वेगळे असलेले रूप असून नाकातील सुजलेल्या रक्तवाहिन्यांचे आकुंचन करून ते चोंदलेले नाक मोकळे करते. हृदय व मेंदू यांवरील त्याचे उत्तेजक परिणाम एफेड्रिनपेक्षा सौम्य असल्याने सर्दीच्या गोळ्यांत त्याचा प्रसार झाला. औषध आणि अंमली पदार्थ यांच्या रेणूंमधील अंतर अत्यल्प आहे, ही पुढील सर्व कथेची मूळ अडचण होय.

संयुक्त संस्थानांत १९७० नंतर ॲम्फेटामीन गटातील औषधांवर कडक नियंत्रण आले. चोरट्या उत्पादकांनी प्रथम फेनिलॲसिटोन या रसायनाचा आश्रय घेतला. १९८० मध्ये तेही नियंत्रित झाल्यावर ते एफेड्रिनकडे वळले. औषध अंमलबजावणी प्रशासनातील जीन हेस्लिप या अधिकाऱ्याने अंतिम उत्पादनावर छापे घालण्याऐवजी त्याच्या कच्च्या मालाचीच कोंडी करावी, असा आग्रह धरला होता. एफेड्रिनचे मोठे कारखाने जगात मोजकेच असल्याने हा विचार व्यवहार्य होता. तथापि १९८८ च्या रसायन अधिनियमातून औषध-उद्योगाच्या विरोधामुळे तयार गोळ्या वगळण्यात आल्या. भुकटीवर पहारा बसला. तीच भुकटी गोळीच्या रूपात मात्र कोणासही घेता येत होती. १९९३ मध्ये केवळ एफेड्रिन असलेल्या गोळ्यांची सवलत काढण्यात आली, तेव्हा मागणी स्यूडोएफेड्रिनकडे गेली. १९९६ च्या अधिनियमाने त्यावरही मर्यादा आणल्या, परंतु फोडपट्टीत बांधलेल्या गोळ्यांना मोकळीक दिली. एक एक गोळी पट्टीतून काढण्याचा कंटाळा गुन्हेगार करतील, हे त्यामागील गृहीत भाबडे ठरले. एकेक पळवाट बुजविण्यास लागलेल्या या वर्षांची किंमत पश्चिमेकडील व मध्यवर्ती राज्यांतील लहान गावांना मोजावी लागली. घराघरांतून निघालेल्या चोरट्या प्रयोगशाळांत आगी लागत, विषारी अवशेष भिंतींत मुरत आणि अशा घरांत वाढणारी मुले शासनास ताब्यात घ्यावी लागत.

पहिले निर्णायक पाऊल ओक्लाहोमा राज्याने एप्रिल २००४ मध्ये उचलले. कामगिरीवर असताना मारल्या गेलेल्या तीन पोलिसांची नावे धारण करणाऱ्या तेथील कायद्याने स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या औषधविक्रेत्याच्या ताब्यात ठेवणे, ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे व नोंद करणे अनिवार्य केले. या राज्याचे अनुकरण अनेकांनी केले. मार्च २००६ मध्ये संमत झालेल्या संघीय कायद्याने हीच पद्धत देशभर लागू करून खरेदीची मर्यादा दिवसाला ३·६ ग्रॅम व किरकोळ दुकानांतून तीस दिवसांत ९ ग्रॅम अशी ठरविली. मात्र लवकरच अनेक माणसांकरवी, अनेक दुकानांतून थोड्या थोड्या गोळ्या गोळा करण्याची युक्ती रूढ झाली. कागदी नोंदवह्यांची परस्परांशी ताडणी होत नसल्याने ती पकडणे कठीण होते. दुकानांना जोडणाऱ्या संगणकीय नोंदपद्धती त्यानंतर आल्या.

ऑरेगनने २००५ मध्येच याहून पुढचे पाऊल टाकले आणि गोळ्या थेट चिठ्ठीवरील औषधांत ढकलल्या. २००४ मध्ये तेथे ४६७ चोरट्या प्रयोगशाळा व तत्संबंधी घटना नोंदल्या गेल्या होत्या. पुढील काही वर्षांत त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक घट झाली. मिसिसिपी राज्याने १ जुलै २०१० पासून हाच मार्ग धरला आणि तेथेही प्रयोगशाळा झपाट्याने घटल्या. समर्थकांच्या दृष्टीने एवढा पुरावा पुरेसा होता. विरोधकांचा आक्षेप असा, की ऑरेगनमधील घसरण चिठ्ठीची सक्ती येण्यापूर्वी, औषधविक्रेत्याकरवी विक्रीच्या नियमानेच सुरू झाली होती आणि शेजारच्या राज्यांतही सक्तीविना प्रयोगशाळा कमी झाल्या. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. मिसिसिपीचे उदाहरण मात्र सक्तीला अधिक अनुकूल दिसते, कारण तेथे ओळखपत्र व नोंदीचे नियम आधीपासून असूनही घट चिठ्ठीनंतर झाली. साध्या पडशासाठी डॉक्टरांकडे खेटे घालण्याचा खर्च व वेळ हा विमा नसलेल्या रुग्णांवर विशेष भार होता, हेही खरे.

उत्पादकांनी यातून काढलेली वाट उद्‌बोधक आहे. २००५ नंतर अनेक गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनच्या जागी फेनिलएफ्रिन घालण्यात आले. त्यापासून मेथॅम्फेटामीन बनविणे सोपे नसल्याने ते दुकानात उघड्यावर विकता येई. पोटात घेतल्यावर त्याचा फार मोठा अंश आतडे व यकृत यांतच निष्क्रिय होतो, असे फ्लॉरिडा विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत होते. सप्टेंबर २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने तोंडाने घेतलेले फेनिलएफ्रिन चोंदलेल्या नाकावर परिणामकारक नाही, असा एकमुखी निर्वाळा दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रशासनाने ते मान्य घटकांतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. जवळजवळ दोन दशके सामान्य ग्राहक निरुपयोगी गोळीचे पैसे मोजत होता.

दरम्यान मूळ व्यापारच बदलला. मेक्सिकोने २००८ च्या सुमारास स्यूडोएफेड्रिनवर बंदी घातल्यानंतर तेथील टोळ्या पुन्हा फेनिलॲसिटोनच्या जुन्या मार्गाकडे वळल्या आणि मोठ्या प्रमाणावर, स्वस्त व तीव्र माल उत्तरेकडे पाठवू लागल्या. घरगुती प्रयोगशाळा ओस पडल्या, परंतु व्यसन ओसरले नाही : २०२१ मध्ये संयुक्त संस्थानांत मेथॅम्फेटामीन हा ज्यांतील प्रमुख घटक आहे अशा उत्तेजकांशी निगडित अतिसेवनाच्या मृत्यूंची संख्या तीस हजारांवर गेली. सर्दीच्या गोळीला जखडून ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही, या विचाराने ऑरेगन व मिसिसिपी या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कायदे बदलले. १ जानेवारी २०२२ पासून तेथे प्रौढ व्यक्तीस ओळखपत्र दाखवून व नोंद करून या गोळ्या पुन्हा चिठ्ठीविना मिळू लागल्या. न्यूझीलंडमध्येही असेच घडले. तेथे २०११ मध्ये लादलेली चिठ्ठीची सक्ती २०२४ मध्ये काढण्यात आली.

आंतरराष्ट्रीय स्तरावर ही दोन्ही द्रव्ये व फेनिलॲसिटोन संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या करारातील पहिल्या तक्त्यात समाविष्ट आहेत. भारत हा एफेड्रिन व स्यूडोएफेड्रिन यांचा एक प्रमुख उत्पादक देश असल्याने येथे प्रश्न किरकोळ दुकानापेक्षा कारखाना व गोदाम यांतून होणाऱ्या गळतीचा आहे. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनःप्रभावी पदार्थ अधिनियम, १९८५ खाली १९९३ मध्ये व त्यानंतर अधिक व्यापक स्वरूपात २०१३ मध्ये काढलेल्या आदेशांनी या द्रव्यांचे उत्पादन, साठा, वाहतूक व निर्यात यांवर नोंदणी आणि परवान्याचे बंधन घातले. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूर येथील एका कारखान्यातून १८ टनांहून अधिक एफेड्रिन जप्त केले.