सापळ्यात फक्त नरच

मे महिना, काशीद, दुपारचे चार. सुरूच्या बनाकडे पाठ करून तुम्ही रस्त्यापलीकडच्या वाडीत शिरता. कलमाच्या फांदीला प्लॅस्टिकची बरणी टांगली आहे: दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा. आत मिथाइल युजेनॉलमध्ये भिजवलेला ठोकळा, तळाशी मेलेल्या फळमाश्यांचा खच. थोड्या तळहातावर घ्या. एकीच्याही पोटाला अंडी घालायची सुई नाही. सगळे नर.

आंब्यात अळी पडते ती मादीमुळे. मग नर का मारायचे? नर संपले तर मादीची अंडी उबत नाहीत, इतका साधा हिशेब. पण मिथाइल युजेनॉलच्या ज्या वासाने नर खुळावतो त्याने मादी ढिम्म हलत नाही, हे कसं? उत्तरासाठी मागे जावं लागेल.

१९१२. बिहारमधली पुसाची कृषी संशोधन संस्था. शेजाऱ्याने डासांसाठी सिट्रोनेला तेल वापरलंय आणि माश्यांची झुंबड उडालीय. कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट त्या तपासतोय. तुम्ही त्याच्या खांद्यावरून डोकावता. इथेही सगळे नर. १९१५ पर्यंत तो मिथाइल युजेनॉलपाशी पोचतो. (हे द्रव्य तुळशीतही असतं. वृंदावनाभोवती फळमाशी घुटमळताना दिसली तर तिच्या भक्तीवर फार विश्वास ठेवू नका.)

आता लहान व्हा, आणखी लहान, आणि जिवंत नराच्या पोटात उतरा. त्याने चाटलेलं द्रव्य शरीरात बदलतं आणि गुदाशयापाशी असलेल्या ग्रंथीत साठू लागतं. दिवेलागणीला तो पंख फडफडवतो, साठवलेला गंध हवेत सोडतो, आणि मादी वळते. हे द्रव्य प्यायलेल्या नराला मादी लवकर मिळते, हे प्रयोगांत दिसलंय. मादीचं पोट अंडाशयांनी भरलेलं. तिला हे अत्तर जमवून काय करायचंय? पिढ्यान्‌पिढ्या तिनेच निवड केली आणि त्याच्या आतड्याच्या टोकाला अत्तरदाणी तयार झाली.

पण नर आणि मादी मुळात वेगळे घडतात कसे? त्यासाठी आणखी मागे. ६.६ कोटी वर्षं. काशीदचा काळा कातळ अजून लालभडक लाव्हा आहे, आणि ही सगळी जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला. फळमाशीच्या गोतावळ्याचा मोठा विस्तार यानंतरचा मानतात. पण कीटकांच्या पेशींत 'डबलसेक्स' नावाचं जनुक तेव्हाही जुनंच होतं. त्याचा निरोप दोन तऱ्हांनी कापला जातो. एका कापाने नर घडतो, दुसऱ्याने मादी. अंड्यातला बलक बनवायचा की नाही, हेही तोच निरोप सांगतो. त्याचं दूरचं नातलग जनुक माणसाच्या वृषणातही काम करतं.

तिथून पुढे या, तर वाटा फुटतात. केळ्याच्या सालीवरच्या ड्रोसोफिलात दोन एक्स गुणसूत्रं असली की मादी, एक असलं की नर. तिथे वायला ठरवायचा अधिकारच नाही. आंब्याच्या फळमाशीत मात्र वायचाच शब्द चालतो. मला यातलं हेच सगळ्यात नवलाचं वाटतं: वरचे साहेब बदलत राहतात, खालचा कारकून, डबलसेक्स, तोच.

हा फळमाशीतला साहेब सापडला २०१९ मध्ये. भूमध्यसागरी फळमाशीच्या वाय गुणसूत्रावर शास्त्रज्ञांना एक चिमुकलं जनुक मिळालं. नाव ठेवलं 'मॉय'. आंब्याच्या फळमाशीतही त्याचं भावंड निघालं. प्रयोगशाळेत तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावता. भूमध्य माशीच्या दोन एक्स असलेल्या गर्भाला मॉय दिलं तर नर निघतो. एक्स-वाय गर्भात ते गप्प केलं तर मादी. मग त्या दोघांची जोडी लावली, आणि त्यांना नर-मादी दोन्ही पिल्लं झाली. नर पिल्लांच्या वायपुरता वारसा आईकडून आला होता.