सुधारणेची कुंपणे

अमेरिकेच्या इतिहासात विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांना ‘पुरोगामी युग’ म्हणतात. मक्तेदार कंपन्यांना आळा, बँकांवर नियंत्रण, बालमजुरीला बंदी हा त्याचा कार्यक्रम. वुड्रो विल्सन हा या युगाचा एक नायक. परंतु हे पुरोगामित्व कोणापुरते होते?

विल्सन १९१३ साली अध्यक्ष झाला. त्याच वर्षी त्याच्या मंत्र्यांनी टपाल व अर्थ खात्यांत काळ्या कारकुनांच्या बसण्याच्या जागा व शौचालये वेगळी केली. १९१४ पासून नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र सक्तीचे झाले. वर्ण विचारण्याची गरजच उरली नाही! त्याच वर्षी नोव्हेंबरात विल्यम मनरो ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन जाब विचारायला गेला. हे वेगळेपण तुमच्या हिताचेच आहे, असे अध्यक्षांनी ऐकवले. आणि ट्रॉटरचा सूर रुचला नाही म्हणून त्याला बाहेरची वाट दाखवली. हिताची ही भाषा आपल्या परिचयाची आहे.

हीच भाषा पुढे समुद्र ओलांडून गेली. जुलै १९१५ मध्ये अमेरिकन सैन्य हैतीत उतरले. गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेला हा देश. गोऱ्या परकीयांना जमीन मिळू नये, हा तिथला जुना दंडक १९१८ च्या राज्यघटनेने मोडला. रस्ते बांधण्यासाठी १८६४ चा वेठीचा कायदा उकरून काढला आणि शेतकरी पहाऱ्याखाली राबवले. शार्लमान्य पेराल्तच्या नेतृत्वाखाली लोक उठले. १९१९ साली त्याला ठार मारून प्रेताची छायाचित्रे वाटण्यात आली. जेम्स वेल्डन जॉन्सन या कृष्णवर्णीय लेखकाने १९२० मध्ये हैतीत जाऊन हे सारे चव्हाट्यावर आणले. सैन्य मात्र १९३४ पर्यंत हलले नाही.

एप्रिल १९१९ मध्ये पॅरिसला राष्ट्रसंघाच्या करारात समतेचे तत्त्व घालण्याच्या जपानच्या सूचनेला १७ पैकी ११ मते पडली. एकमत नाही म्हणून अध्यक्षस्थानावरून विल्सननेच ती फेटाळली. स्वयंनिर्णयाचा उद्गाता तो हाच!

याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. लोकशाही ही निव्वळ राज्यपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, हा जॉन ड्यूईंचा विचार त्यांनी आत्मसात केला. त्या कसोटीवर ते युग उतरत नाही. ज्याला घरात शेजारी बसवायचे नाही, त्याच्या देशावर पालक होऊन बसायचे, ही एकाच मनोवृत्तीची दोन रूपे आहेत. म्हणून कोणत्याही सुधारकाला पहिला प्रश्न हाच विचारावा: तुमच्या सुधारणेच्या कुंपणाबाहेर कोण उभा आहे?